पाटावरची पाच पानं

तेरड्याच्या जुड्या बाजारात दिसायला लागल्या की मला पत्त्यांचा वास येतो. कोऱ्या पत्त्यांचा नाही. वापरून वापरून मऊ झालेल्या, कडांना हळदीचा हात लागलेल्या पत्त्यांचा. काल बाळकुम नाक्यावर एक बाई गोणपाट पसरून गवरीसाठी तेरडा विकत बसलेली. मी जुडी उचलली, मुळांची ओली माती पदराला लागली, आणि रस्त्यात उभ्या उभ्या मी मनानं वयनीच्या समोर जाऊन बसले.

वयनी म्हणजे माझी मोठी जाऊ, यमुना. आता ती आमच्याच इमारतीत, आमच्या वर दोन मजले राहते. पण मनातली वयनी अजून जुन्या घराच्या ओटीवरच बसलेली असते. एक पाय मुडपलेला, एक गुडघा उभा, आणि हातातली दोन पानं पोटाशी धरलेली. पानं बघून झाली की ती त्यांच्याकडे परत बघत नसे. समोर बघायची. खेळणाऱ्यांच्या तोंडाकडे कमी आणि मधल्या पाटाकडे जास्त.

हा खेळ आमच्या घरात धाकट्या भाऊजींनी आणला. ते जहाजावर स्वयंपाकी होते. एका गणपतीत सुट्टीवर आले आणि आम्हा तिघी जावांना समोर बसवून त्यांनी तो शिकवला. पोकर म्हणायचे. आमच्या तोंडात ते नाव बसलं नाही, आम्ही पाटावरचा डाव म्हणायला लागलो. प्रत्येकीच्या हातात दोन पानं, झाकलेली. मधे लाकडी पाट. त्यावर आधी तीन पानं उघडी पडायची, मग एक, मग आणखी एक. ती पाच सगळ्यांची. आपली दोन आणि पाटावरची पाच, यांतून जिचं चांगलं जमेल ती जिंकली. जोडीपेक्षा एकाच रंगाची पाच पानं मोठी. प्रत्येक उघड्या पानाला चिंचोके पुढे सरकवायचे, नाहीतर काही न टाकता पास म्हणायचं; दुसरीनं टाकले तर तेवढे टाकायचे, नाहीतर पॅक करून पानं टाकून द्यायची. पैसे कधी लावले नाहीत. सासूबाई म्हणायच्या, देवाच्या दिवसांत पैशाला हात लावला तर बोटं मोडीन.

पण त्या चिंचोक्यांवर आमच्याकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट ठरायची.

गवरीच्या दिवसांत सगळ्या लेकी माहेरी जातात, सुना मात्र सासरी अडकतात. आमच्या घरात माणसं भरपूर, तिखटाचा नैवेद्य, पंगत, येणारे-जाणारे. त्यामुळे पूजेच्या दिवशी तिघींतली एकच सून माहेरी जाऊ शकायची, दोघी तरी घरात हव्याच. आधी यावरून रुसवेफुगवे व्हायचे. एक वर्ष धाकटी जाऊ संगीता दोन दिवस जेवली नव्हती. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. "गणपती बसले की दुपारची भांडी घासून खेळत बसा. गवर उंबऱ्यात आली की डाव बंद. तवा जिच्याकडं चिंचोके जास्त, ती दुसऱ्या दिवशी जाईल. पानं देवाच्या घरात पडतात, मग माझ्यावर कुणी रुसायचं नाय."

तेव्हापासून आमच्या घरात माहेर पाटावर ठरायला लागलं.

मी कधीच जिंकले नव्हते. संगीता जिंकायची, कधी वयनी जिंकायची. मी मधली. पाटावर एका रंगाची तीन पानं दिसली की मला वाटायचं समोरच्या दोघींकडेही त्याच रंगाची पानं असणार. हातात बरी जोडी असली तरी मी पॅक करायची. संगीता हसायची. "आमची कुंदावयनी खेळत नाय, ती दर्शन घेऊन जाते."

ज्या वर्षाचं मी लिहिते आहे, त्या वर्षी माझ्या माहेराहून, खडवलीहून, भावाचा फोन आला. आये गवरीच्या दिवशी दारापासून गवरीच्या पाटापर्यंत पावलं काढायची. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मूठ बुडवायची, मुठीची कड जमिनीवर टेकवायची, की पाऊल उमटायचं. मग बोटाच्या टोकानं वर पाच ठिपके. लहानपणी ती पावलं बघून मला खरंच वाटायचं की कुणी तरी ओल्या पायानं घरात आलं आहे. भाऊ म्हणाला, "आयेचे हात थरथरतात आता. म्हणते, कुंदाला सांग, या गवरीला एकदा येऊन जा. पुढल्या गवरीला हात चालतील की नाय."

मी "बघते" म्हटलं. फोन ठेवला आणि अळू चिरायला बसले. घरात कुणाला काही बोलले नाही. मला मागता येत नाही. लहानपणी शाळेतही मला पाणी प्यायला जाऊ का असं विचारता यायचं नाही, मी तहानलेलीच घरी यायची. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा सगळ्यांत आधी एवढंच वाटलं होतं की आता विचारायला नको. म्हणून त्या वर्षी मी ठरवलं, तोंडानं मागता येत नाही तर पाटावर जिंकायचं. आणि जिंकायचं कसं ते शिकायला मी वयनीकडे बघायला लागले.

मोठा हात कुणीही खेळेल. हातात दोन एक्के आणि पाटावर तिसरा आला तर लहान मूलही चिंचोके सरकवेल. रिकामा हात टाकायलाही अक्कल लागत नाही. खरी पंचाईत मधल्या हाताची. हातात काहीतरी आहे, एक जोडी आहे, आणि समोर पाटावर पानं अशी पडली आहेत की कुणाकडेही त्याहून मोठं जमलेलं असू शकेल. अशा वेळी माणूस दोनच चुका करतो. एक तर माझ्यासारखा घाबरून टाकतो, नाहीतर संगीतासारखा आपली जोडी म्हणजे राज्यच आहे असं समजून ओंजळी ओततो. वयनी या दोन्हींच्या मधून चालायची. भातखाचरातल्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन चालणारी बाई असते ना, एकीकडे चिखल, दुसरीकडे पाणी, आणि तिची मान जराही हलत नाही, तशी.

गवर यायच्या आदल्या दुपारचा एक डाव मला अजून दिसतो. बाहेर उघडीप होती. ओटीवर हळदीची पानं धुऊन पसरलेली, पातोळ्यांसाठी. आतल्या खोलीत पुरुषमाणसं जेवून आडवी झालेली. मी पॅक केलं होतं. पाटावर तीन इस्पिकं होती, आणि चौकट दश्शी. संगीता पहिल्या पानापासून जोरात होती. वयनी नुसती पास म्हणायची, संगीतानं टाकलं की तेवढेच टाकायची, वर एकही नाही. शेवटचं पान पडलं. संगीतानं दोन्ही हातांनी ढीग पुढे लोटला.

"वयनी, टाक पानं. तुझं ब्लडप्रेशर वाढंल."

वयनी पाटाकडे बघत बसली. मग तिनं तेवढेच चिंचोके मोजून पुढे केले. "दाखव."

संगीताकडे काही नव्हतं. वयनीच्या हातात किलवर दश्शी आणि इस्पिकचा एक्का. नुसती दश्शीची जोडी.

संगीता पाय पसरून मागे रेलली. "दश्शीच्या जोडीवर? पाटावर तीन इस्पिकं पडलेली दिसली नाय तुना?"

"दिसली की," वयनी म्हणाली. "म्हणून तर वर काय टाकलं नाय. पन इस्पिकचा एक्का माझ्याकडं. तुझ्याकडं इस्पिकं असती तर राजा-राणीची असती. आन राजा-राणीवाली बाय एक्क्याच्या धाकानं हळू टाकते. एवढा ढीग तीच लोटते जिला वाटतं समोरच्यानं पळून जावं."

मग ती माझ्याकडे वळली. मी तिच्याकडे बघते आहे हे तिला कळत होतं. "मधल्या हाताला मधलंच मागावं, कुंदा. आरडाओरडा केला तर मोठा हातवालाच तेवढा समोर उरतो, बाकीचे पळतात. आन घाबरून टाकलं तर आपलं होतं ते पन जातं. मधला हात शेजारणीसारखा. दारात उभं राहून बोलायचं. घरात घेऊन पंगत वाढायची नाय, आन तोंडावर दार लावायचं पन नाय."

मला ते पत्त्यांपुरतं वाटलंच नाही, कारण मी तिला असं वागताना पाहिलं होतं. तिचा मोठा मुलगा दहावीला नापास झाला तेव्हा गावातल्या बायका सांत्वनाच्या नावाखाली बघायला आल्या. वयनीनं चहा केला. मुलाची बाजू घेऊन भांडली नाही, त्याला नावंही ठेवली नाहीत, रडली तर नाहीच. "गणितात ऱ्हायला. ऑक्टोबरला परत बसंल," एवढं म्हणाली आणि एकीला तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं विचारलं. दहा मिनिटांत बायका उठल्या. हातात फार काही नसताना, समोर सगळं विरुद्ध पडलेलं असताना, जेवढं आहे तेवढ्याच किमतीत ते सांभाळायचं. मी हे लग्न झाल्यापासून बघत होते, पण त्या दुपारी पाटावर मला ते पहिल्यांदा नीट दिसलं.

गवर यायच्या दिवशी आम्ही लवकर बसलो. दोन्ही नणंदा आणि गल्लीतल्या मुली गवर आणायला तळ्यावर गेल्या होत्या. त्या थाळ्या वाजवत येईपर्यंत आमचा वेळ. मी त्या दिवशी वेगळी खेळले. बरी जोडी आली तर टाकली नाही, वाढवलीही नाही. पास म्हटलं, थोडे टाकले, दाखवून जिंकले, कधी थोड्यात हरले. संगीता दोनदा ओंजळ ओतून रिकामी झाली आणि पातोळ्यांचं पीठ भिजवायला उठून गेली. जाताना म्हणाली, "आज हिच्या अंगात कोन आलंय बघा."

वयनी आणि मी उरलो. दोघींचे ढीग जवळजवळ सारखे.

मला पानं आली इस्पिक राणी आणि चौकट नव्वी. पाटावर पडली बदाम राणी, बदाम अठ्ठी, किलवर चौकी. माझी राणीची जोडी झाली. मी थोडे चिंचोके टाकले, वयनीनं तेवढेच टाकले. चौथं पान बदाम सत्ती. आता पाटावर तीन बदाम. माझ्या हातात बदामाचं एकही पान नाही. या वेळी वयनीनं आधी टाकले, मूठभर. मी खडवलीचं दार डोळ्यांसमोर आणलं आणि तेवढेच टाकले. शेवटचं पान दुर्री, कुणाच्या कामाची नाही.

वयनीनं आपला अर्धा ढीग पुढे सरकवला.

मी तिच्याकडे पाहिलं. ती पाटाकडे बघत होती. एवढे मी टाकले आणि हरले असते तर मागे अर्धेच राहिले असते, आणि गवर यायच्या आत ते भरून निघाले नसते. पॅक केलं तर मी थोडीच मागे पडत होते, एक-दोन डावांत सुटलं असतं. मी तिचंच गणित तिच्यावर लावलं. वयनी मधल्या हातानं कधी ढीग लोटत नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ती लोटते म्हणजे तिच्याकडे बदाम आहेत. राणीची जोडी हा मधलाच हात. त्याची ही किंमत नाही.

मी पानं पालथी ठेवली. "पॅक."

तिनं चिंचोके ओढून घेतले आणि पत्ते पिसायला लागली. दोन पानं वाटली असतील नसतील, गल्लीच्या तोंडाशी थाळ्यांचा आवाज आला. गवर लवकर आली होती. मुली धावत पुढे आल्या, सासूबाई कुंकवाचं पाणी घेऊन उंबऱ्याशी गेल्या, आणि मी हातातली दोन पानं न बघताच पाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी वयनी तिच्या माहेरी गेली, डोंबिवलीकडे, खाडीकाठच्या गावात. तिनं मला जागा दिली नाही आणि मला ते चुकीचं वाटलं नाही. तीही कुणाची तरी मुलगीच होती. निघताना तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि पाठीमागून ती मला एकदम तरुण वाटली.

पण मी पॅक केलं ते मनातून गेलं नाही. पूजेचा दिवस कामात गेला. संध्याकाळी सासूबाई गवरीसमोर बसून निरांजनाच्या वाती वळत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले, मीही वाती वळायला लागले. पूजेचा दिवस मागायचा हक्क पाटावर गेला होता. तो मागितला असता तर भांडण झालं असतं. काहीच मागितलं नसतं तर आये वाट बघत राहिली असती. माझ्या हातात काय होतं? इतकी वर्षं न कुरकुरता केलेलं काम, आणि म्हाताऱ्या आईचा निरोप. मोठा हात नव्हे. रिकामाही नव्हे.

मी वातीकडे बघत म्हटलं, "आई, मला आजचा दिवस नको होता. उद्या गवर जायची. वयनी सकाळी येईल. मी पहाटे खडवलीला जाऊन चारच्या आत परत येते. आपली गवर न्यायच्या वेळेला मी इथं असेन."

सासूबाईंनी हातातली वात पूर्ण वळली. "आयेला बरं नाय का तुझ्या?"

"हात थरथरतात."

"मग इतके दिवस तोंडात गूळ धरून बसलेलीस कं? जा. चारच्या आत ये. आन पातोळ्या ने डब्यात, हात हलवत जाऊ नको."

एवढंच. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काही मागितलं होतं आणि ते वातीएवढ्या वेळात मिळालं.

खडवलीला पोचले तेव्हा ऊन पडलं होतं. दारापासून आत पावलं होती, तीन दिवसांची, अर्धी पुसलेली, काही वाकडी, काहींच्या बोटांचे ठिपके एकात एक मिसळलेले. पण गवरीच्या पाटाच्या अगदी पुढे हातभर जागा कोरी होती. वहिनी, म्हणजे माझ्या भावाची बायको, म्हणाली, "तीन दिवस कुणाला काढू दिलं नाय. म्हणते, शेवटचं पाऊल कुंदा काढंल." आये भिंतीला टेकून बसलेली. तिनं पिठाची वाटी पुढे केली. मी मूठ बुडवली आणि टेकवली. पाऊल उमटलं. मग तिनं माझा दंड धरून खाली वाकून, थरथरत्या बोटानं, त्यावर पाच ठिपके दिले. ठिपके कुठल्या कुठे पडले. ती म्हणाली, "बघ, आता आली ती पाटापर्यंत."

भातसा नदीला पाणी भरपूर होतं. आम्ही काठावरच गवर सोडली. मी चारच्या आत बाळकुमला परत आले. पुढल्या गवरीच्या आधी आये गेली.

आता ओटी राहिली नाही, जुनं घर राहिलं नाही. तिथे इमारती आहेत आणि त्यांतल्या एकीत आम्ही सगळे आहोत. सासूबाईही नाहीत. कुणी कुठे जायचं ते आता पाटावर ठरत नाही, ज्याला जायचं तो जातो. पण गणपतीत वयनीच्या घरी पाट मांडला जातोच. वयनीचे गुडघे गेले आहेत, ती खुर्चीवर बसते आणि पाट स्टुलावर ठेवते. संगीताची मुलगी कॉलेजात जाते. तिच्या फोनवर या खेळाचे व्हिडिओ येतात. परवा तिनं एक लावला. कुणी माणूस भराभर इंग्रजीत बोलत होता.

"क म्हणतो तो?" वयनीनं विचारलं.

"म्हणतो, बरा हात आणि पाटावर वाईट पानं असतील तर डाव लहान ठेवा, काकी."

"शहाणा हाय," वयनी मनापासून म्हणाली. "कुणाच्या घरचा?"

मुलगी हसत आत गेली. मी आणि वयनी दोघीच होतो. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "वयनी, त्या वर्षी गवर यायच्या दुपारी तू अर्धा ढीग लोटलास. तुझ्याकडं बदाम होते ना?"

तिला कुठला डाव ते सांगावं लागलं नाही. ती पत्ते पिसत राहिली.

"एक होता," ती म्हणाली. "एक्का. बाकी काय नाय. जोडी पन नाय."

 त्या डावाच्या आदल्याच दिवशी तिनं मला एक्क्याचं सांगितलं होतं, आणि मी त्यातलं अर्धंच उचललं होतं. ज्याच्याकडे एक्का आहे तो दुसऱ्याचा खोटा जोर ओळखतो. आणि स्वतःचा खोटा जोर खराही करून दाखवतो.

"तू तर कधी असं लोटायचीस नाय."

"कधी लोटलं नाय म्हणून तर तू पळालीस." मग पाटाकडे बघत, "मना पन आये होती गं. तुना मागायला लाज, मना पन लाजच."

मला हसू आलं. तिलाही आलं. इतकी वर्षं मी समजत होते की तिला सगळं सोपं जातं.

"मग मी खडवलीला गेले ते?"

"ते तुझ्या तोंडानं गेलीस," वयनी म्हणाली. "त्यात माझा एक चिंचोका पन नाय."

तिनं पानं वाटली. पाटावर तीन किलवर पडले. माझ्या हातात सत्तीची जोडी होती. मी पानं पोटाशी धरली, पाटाकडे पाहिलं, आणि दोन चिंचोके पुढे सरकवले.